शेपटीचं पातं: साहित्याची निवड आणि पारख

जालन्यापासून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर लांब. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून जाणाऱ्या कुंडलिका नदीला वर्षातले बरेच महिने पोहण्याजोगं पाणी नसतं. 2012-13 च्या दुष्काळात तर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यात इथल्या घराघरांचे दिवस गेले. अशा गावातून जलपरीचं शेपूट घरी कसं बनवावं, यावर पुस्तिका निघते, तेव्हा ‘इथे हे कशाला?’ असा प्रश्न वाचकाला पडणारच. त्याचं उत्तर आधी देते.

पाणी जिथे कमी, तिथल्या मुलांना पाण्याची ओढ जास्त असते. मराठवाड्यातल्या पिढ्यान् पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या. पाठीला वाळका भोपळा, नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून, आणि पुढे ट्रॅक्टरची ट्यूब कमरेभोवती घेऊन. यातली एकही वस्तू पोहण्यासाठी म्हणून दुकानात मिळत नव्हती. घरात, शेतात जे होतं त्यातून लोकांनी ती निवडली. भोपळ्याला चीर गेली आहे का, डब्याचं झाकण पाणी धरतं का, हे जाणती माणसं आधी पाण्यात दाबून बघत आणि मगच पोराला विहिरीत सोडत. आजच्या मुलीला जलपरीसारखं पोहायचं असेल, तर ती याच वाटेवरचं पुढचं पाऊल टाकते आहे, असं मला मनापासून वाटतं. तिच्या हौसेला कुणी हसू नये. तिला नीट साहित्य हाती द्यावं आणि ते पारखायला शिकवावं.

पारखणं हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण हे गावच पारखणाऱ्यांचं आहे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. पेरणीआधी उगवण तपासायची, हे इथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सोयाबीनचे सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर ते बियाणं पेरायला चालतं. दुसरीकडे एमआयडीसीतल्या सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल. बांधकामाच्या सळईची जी मानक चाचणी आहे, तिच्यात सळई 135 अंशांपर्यंत वाकवतात, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, थंड झाल्यावर थोडी उलट वाकवतात आणि वाकलेल्या जागी तडा दिसतो का ते बघतात. दिसला, तर सळई नापास. दुकानदार काय म्हणतो, सळईवर कोणाचं नाव उमटलेलं आहे, याला त्या क्षणी काही किंमत नसते. या पुस्तिकेतलं सगळं काम याच रीतीने चालतं. शेपटीचं पातं पायात चढण्याआधी त्याच साहित्याची एक पट्टी हातात, बादलीत आणि उन्हात पास झाली पाहिजे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसणारं जलपरीचं शेपूट आपल्या ओळखीचं आहे. चमकीचं कापड, आतून पुठ्ठा, कडेला टिकल्यांची झालर. ते रंगमंचासाठी ठीक आहे. पाण्यात मात्र पुठ्ठ्याचा लगदा होतो, कापड पाणी पिऊन जड होतं आणि आत अडकलेले पाय हलवताही येत नाहीत. ही पुस्तिका त्या पोशाखाची नाही. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या, आधीच चांगलं पोहता येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्यासोबत बसून काम करणाऱ्या मोठ्यांसाठी ती लिहिली आहे. पोहता येत नसेल, तर ते आधी शिकावं. शेपूट वर्षभर थांबू शकतं.

या कलेचा इतिहास थोडक्यात सांगते. हान्स ख्रिश्चन अँडरसनची जलपरीची गोष्ट 1837 ची. पण शेपूट घालून खरोखर पोहायचा ध्यास घेतला तो ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅनेट केलरमन हिने. लहानपणी पायांच्या दुखण्यामुळे ती पोहायला शिकली आणि मूकपटांच्या काळात स्वतः तयार केलेली शेपटं घालून पडद्यावर आली. 1933 मध्ये फ्रान्सच्या लुई द कॉर्लियू याने पायात घालायच्या रबरी फिनचं पेटंट घेतलं. 1947 पासून अमेरिकेतल्या फ्लोरिडात वीकी वाची इथे झऱ्याच्या पाण्यात जलपऱ्यांचे खेळ होऊ लागले. दोन्ही पाय एकाच पात्यात अडकवायचा मोनोफिन 1970 च्या दशकात सोव्हिएत जलतरणपटूंनी पुढे आणला आणि फिनस्विमिंगचा, म्हणजे फिन घालून पोहण्याचा, वेगच बदलून टाकला. आज घरी बनणाऱ्या बहुतेक शेपटांच्या आत असाच एक मोनोफिन असतो. कापड हे त्याच्यावरचं आवरण.

एक काम मात्र सविस्तर सांगावंसं वाटतं. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांची चिलखतं आणि शस्त्रं घडवणाऱ्या कारखान्याने, दोन्ही पाय गमावलेल्या एका महिलेसाठी 2009 च्या सुमारास जलपरीचं शेपूट बनवून दिलं. आत पॉलिकार्बोनेटचा कणा आणि त्याच प्लास्टिकचं पातं, वर पाणबुड्यांच्या सूटचं कापड आणि त्यावर छापलेले खवले. ते घालून ती समुद्रात पोहली. शेपूट म्हणजे नुसती मुलींची नटण्याची हौस, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. पाण्यात शरीराचं वजन कमी होतं आणि जमिनीवर जे जमत नाही ते तिथे जमतं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकून आले, तेही याच बळावर.

आता पात्याकडे वळू. पातं पाण्यात नेमकं काय करतं, हे कळलं की साहित्याची अर्धी निवड आपोआप होते.

बटरफ्लाय पोहणारा दोन्ही पाय जोडून जी लाथ मारतो ती डॉल्फिन किक. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. ती शर्यत कधी बघाल तेव्हा त्याचे पाय बघा. लाट छातीपासून निघते, कमरेतून मांड्यांत उतरते आणि पावलांशी संपते. शेपूट ही लाट आणखी हातभर पुढे नेतं. पाऊल खाली जातं तेव्हा पात्याचं टोक मागे रेंगाळतं, वाकतं आणि सरळ होताना पाणी मागे ढकलतं. पातं फार मऊ असेल तर ते पाण्यात नुसतं लोळतं. फार ताठ असेल तर वाकण्याचं काम घोटा, गुडघा आणि कंबर यांच्यावर येऊन पडतं, आणि वाढत्या वयातल्या मुलीच्या गुडघ्यावर असला भार टाकायचा नसतो. म्हणून पातं पावलाजवळ ताठ आणि टोकाकडे मऊ हवं. माशाच्या शेपटीतल्या काड्याही टोकाकडे बारीक होत जातात.

जाडीचा हिशेब इथे नीट समजून घ्यावा. एकाच प्लास्टिकची पट्टी दुप्पट जाड घेतली, तर ती दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. दीडपट जाडीला ताठपणा सुमारे 3.4 पट होतो. त्यामुळे ‘जरा जाड घेतलं तर टिकेल’ हा बाजारात सहज मिळणारा सल्ला इथे लागू पडत नाही. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की शेपूट वेगळंच होतं. एकाच जाड शीटपेक्षा पातळ थर एकावर एक देणं बरं: पावलाशी तीन थर, मध्यावर दोन, टोकाला एक. आकाराचंही तेच. फिनस्विमिंगच्या स्पर्धेत मोनोफिन 76 सेंटीमीटरपर्यंत रुंद आणि तेवढाच लांब चालतो, पण तो कसलेल्या जलतरणपटूंचा. मुलांना त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतं.

साहित्य कुठे मिळेल? जवळपास सगळं जालन्यातच आहे, फक्त ते शेपटीच्या नावाने मिळत नाही. बोर्ड रंगवणारे, फ्लेक्स छापणारे यांच्याकडे अ‍ॅक्रेलिक, सनबोर्ड आणि सनपॅक असतं. अ‍ॅक्रेलिक दिसायला सुरेख, पण वाकवलं की काचेसारखं मोडतं आणि मोडलेली कड चाकूसारखी असते. ते घेऊच नये. सनबोर्ड आतून फेसाळ, दोन-चार लाथांत घडी पडते. सनपॅक म्हणजे निवडणुकीच्या फलकांचं पोकळ नळ्यांचं शीट. त्याच्या नळ्यांत पाणी भरतं आणि ते नळ्यांच्या दिशेने ताठ, आडव्या दिशेने मऊ असतं. पातं म्हणून ते चालत नाही, पण स्वस्त असल्यामुळे आकाराचा पहिला नमुना कापायला फार चांगलं. पत्रा आणि प्लायवूड यांच्याकडे बघूही नये.

पॉलिकार्बोनेटचं सपाट शीट छताचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे मिळतं. मागताना ‘सॉलिड’ म्हणून मागावं, पोकळ घरांचं नको. हौशी कारागीर बहुतेक दीड ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान राहतात. मुलांसाठी दीडपासूनच सुरुवात करावी. हे प्लास्टिक वाकतं, परत येतं आणि दणका सोसतं. त्याचे शत्रू दोन: कडेला राहिलेली बारीक चीर, आणि काही रसायनं. म्हणून कापल्यावर कड कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची, भोक ठोकून न पाडता ड्रिलने पाडायचं आणि कडेपासून लांब ठेवायचं.

रसायनांची परीक्षा घरी होते, आणि ती टाळू नये. पात्यावर रबर चिकटवायला लोक पंक्चरवाल्याचं सोल्यूशन किंवा सिंथेटिक रबरचा गम वापरतात. त्यात टोल्युइनसारखी द्रावकं असतात आणि ताणलेल्या पॉलिकार्बोनेटला ती आतून फोडतात. पाहायचं असेल, तर दोन बोटं रुंदीची वीतभर पट्टी कापा, धनुष्यासारखी वाकवून दोन्ही टोकं दोऱ्याने बांधा आणि फुगीर बाजूवर गमाचा एक ठिपका लावून रात्रभर ठेवा. सकाळी ती पट्टी खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. ठिपक्याच्या कडेने केसासारख्या बारीक, चमकणाऱ्या रेघा दिसल्या, तर तो गम आणि ते शीट यांचं जमत नाही. रेघा दिसत नसल्या, तरी पट्टी तिथेच उलटसुलट वाकवून बघा. एका रात्रीत जे कळतं, ते न तपासता पात्यावर वापरलं तर नेमकं पावलाशी, खोल पाण्यात कळतं.

दुसरं हाताशी असणारं साहित्य एचडीपीई. शेतातले काळे स्प्रिंकलर पाइप त्याचेच, निळे ड्रमही त्याचेच. काळ्या पाइपात अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन मिसळलेला असतो, म्हणून तो वर्षानुवर्षं उन्हात टिकतो. पण पाइप चिरून सपाट केला, तरी तो आपली गोलाई विसरत नाही. मोठ्या निळ्या ड्रमच्या भिंतीला गोलाई कमी असते, तेव्हा तो जास्त उपयोगी. मात्र त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. कॅलिपरने किंवा निदान चिमटीत धरून मोजूनच तुकडा निवडावा, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात याची खात्री करावी. नाहीतर पातं पाण्यात एका अंगाला वळतं. जुना ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारायचं. कीटकनाशक, आम्ल किंवा कारखान्यातलं रसायन असलेला ड्रम कितीही धुतला तरी मुलांच्या अंगाजवळ आणायचा नाही. विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर तो ड्रम सोडून द्यायचा. एचडीपीईवर कुठलाच गम धरत नाही. तिथे रुंद वायसर घालून स्टेनलेसचे नट-बोल्ट, नाहीतर जाड नायलॉनच्या दोऱ्याची शिवण.

पॉलिप्रॉपिलिन वारंवार वाकण्यात सगळ्यांत चिवट. शाम्पूच्या बाटलीचं झाकण हजारदा उघडूनही तुटत नाही, ते त्याचमुळे. पण साधं पॉलिप्रॉपिलिन उन्हात ठिसूळ होतं. शेपूट पत्र्यावर वाळत टाकायची सवय असेल, तर एका उन्हाळ्यात त्याची रया जाते. फायबर म्हणजे ग्लास फायबर, कूलरच्या बॉडी दुरुस्त करणारे वापरतात ते. स्पर्धेतली पाती त्याची किंवा कार्बन फायबरची असतात आणि पाती म्हणून ती उत्तम. तरी मुलांच्या हाती ते काम देऊ नये. घासताना उडणारी धूळ फुप्फुसात आणि कातडीत जाते. करायचंच असेल, तर मोठ्या माणसाने मास्क, हातमोजे घालून उघड्यावर करावं.

पट्टीच्या चाचण्यांना प्रयोगशाळा लागत नाही. टेबलाच्या कडेला पट्टीचं एक टोक घट्ट दाबून धरा, दुसऱ्या टोकाला शंभर मिलिलिटर पाण्याची पिशवी टांगा, टोक किती खाली आलं ते मोजपट्टीने मोजा. तीच पिशवी रात्रभर राहू द्या. काढल्यावर टोक जितकं खालीच राहिलं, तितकी त्या साहित्याची कायमची वाकण्याची खोड. ही चाचणी मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, पुन्हा करावी, कारण गरम झालेलं एचडीपीई थंड असतानापेक्षा खूप मऊ असतं. वारंवार वाकवण्याची चाचणी कंटाळवाणी आहे, पण सेकंदाला एक लाथ धरली तर अर्ध्या तासात 1800 वेळा पातं वाकतं. हजारभर वेळा हाताने वाकवणं त्या मानाने काहीच नाही. कडेची पारख जुन्या नायलॉनच्या मोज्याने करायची. ओला मोजा कडेवरून ओढा. एक धागा जरी अडकला, तरी भिजलेली कातडी तिथे कापेल.

तरंगण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे दिसतं त्याच्या उलट असतं. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलकी, ती तरंगतात. पॉलिकार्बोनेट आणि पीव्हीसी बुडतात. तरंगणारं ते सुरक्षित, असं वाटू शकतं. पण पायाशी बांधलेली वस्तू जोरात तरंगली, की पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. म्हणून शेपटीत फोम भरू नये. पूर्ण बनलेलं शेपूट टाकीत सोडून बघावं. आतली हवा दाबून काढल्यावर ते पाण्यात अधांतरी राहिलं किंवा सावकाश खाली गेलं, तर बरोबर. कापडाच्या टोकाला जाळीचा तुकडा लावला, की हवा आणि पाणी दोन्ही बाहेर पडायला वाट मिळते.

कापड चारही बाजूंनी ताणणारं, पोहण्याच्या पोशाखाचं लायक्रा घ्यावं. सुती, मखमल, साटन नको. टिकल्या शिवू नयेत, त्या सुटतात आणि ओरबाडतात. खवले कापडाच्या रंगाने रंगवावेत. तलावातल्या क्लोरीनने लायक्रा सैल पडत जातं, तेव्हा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावं.

आता सगळ्यांत महत्त्वाची निवड: पाऊल जिथे बसतं ती जागा. तिथे पट्टा, बक्कल, नाडी, गाठ यांतलं काहीही नको. टाच उघडी ठेवून, रबराच्या ताणावर पाऊल बसावं आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने टाचेवरून रबर ढकललं की सुटावं. ट्यूबचं रबर यासाठी चांगलं. नवीन असताना ते घट्ट असतं, म्हणून सुटण्याची चाचणी कोरड्या फरशीवर बसून, मग डोळे मिटून, मग कमरेइतक्या पाण्यात मोठं माणूस शेजारी उभं असताना करायची. मनात पाच मोजेपर्यंत दोन्ही पाय मोकळे झाले नाहीत, तर ते शेपूट अजून तयार नाही, मग ते दिसायला कितीही देखणं असो. कॅनडातल्या एडमंटन शहराने 2015 मध्ये आपल्या सार्वजनिक तलावांत अशा शेपटांना बंदी घातली. पाय बांधले गेले, की चांगलं पोहणाराही अडचणीत येऊ शकतो, ही त्यामागची काळजी. आपल्या तलावाचे व्यवस्थापक नको म्हणाले, तर त्यांच्याशी वाद न घालता सुटण्याची चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवावी, आणि तरीही नाही म्हणाले तर ऐकावं.

विहिरीत आणि शेततळ्यात शेपूट घालून उतरायचं नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. विहिरीच्या पायऱ्या अरुंद असतात, जोडलेल्या पायांनी त्या चढता येत नाहीत. शेततळं त्याहून वाईट. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर द्राक्षं पिकवून दाखवली, जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे. पण त्याच तळ्याच्या उतारावर प्लास्टिकचं अस्तर असतं, ते शेवाळतं आणि नुसत्या पायांनीही माणसाला वर येता येत नाही. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात मुलं अशा तळ्यांत जीव गमावतात. जीवरक्षक असलेला, उथळ बाजू असलेला पोहण्याचा तलाव आणि सोबतीला पोहता येणारं मोठं माणूस, याच्यावाचून शेपूट पिशवीतून काढू नये.

पुढच्या प्रकरणांत सगळी मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कारण दुकानात शीट त्याच मापात मिळतं. प्रत्येक चाचणीच्या पट्टीवर मार्करने साहित्याचं नाव, जाडी, दुकान आणि तारीख लिहून ती जपून ठेवा. पुढच्या खेपेला तेच शीट मागताना ती पट्टी सोबत न्या. पहिलं प्रकरण पायाच्या मापाचं आहे. माप संध्याकाळी, उभं राहून, पाय ओले करून घ्यावं, आणि दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्यावं.